साखर : ताई सांगतील तेवढी

अम्मीच्या पाककृतींची वही माझ्याकडे आहे. शाळेची दोनशेपानी वही, कव्हर केव्हाच गेलेलं, पहिली काही पानं तूप मुरून पारदर्शक झालेली. अक्षर माझं आहे. अम्मी उर्दू चौथीपर्यंत शिकलेली, तिला मराठी लिहिता यायचं नाही. मी जळगावात मराठी शाळेत. त्यामुळे ती आमच्या घरच्या बोलीत सांगायची आणि मी मराठीत उतरवून घ्यायचे. ती म्हणायची, "मैदा डेढ किलो," मी लिहायचे, "मैदा दीड किलो." आमच्या घरचं सगळं खाणंपिणं असं भाषांतरित होऊन वहीत गेलं.

पहिल्याच पानावर नानकटाई आहे. सहावीतलं अक्षर, शिरोरेघा पट्टीनं मारलेल्या.

मैदा दीड किलो. बारीक रवा पाव किलो. बेसन पाव किलो. तूप सव्वा किलो. दही दोन चमचे, सोडा एक चमचा. जायफळ अर्धं, वेलची दहा-बारा. चिमूटभर मीठ. आणि त्याखाली : साखर, ताई सांगतील तेवढी.

ताई म्हणजे आमच्या शेजारच्या काकू. अम्मी त्यांना ताई म्हणायची, आम्ही मुलं काकू.

आता हे 'सांगतील तेवढी' काय प्रकरण आहे ते सांगते. ही पाककृती मी लिहून घेतली १९८७ साली. त्या वर्षी रमजान मे महिन्यात आला होता. खान्देशातला मे ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. सकाळी दहालाच रस्ते ओस पडायचे. अशा दिवसांत रोजा ठेवून अम्मी शेवटच्या आठवड्यात नानकटाईचं पीठ मळायची. रोज्यात चव बघायची कशी? गरज असेल तर जिभेच्या टोकावर घेऊन थुंकून टाकायला मुभा आहे, असं आलिम सांगतात. पण अम्मीला ते पटायचं नाही. "जबान है, फिसल गई तो?" मग ती परातीतला एक गोळा वाटीत घालायची आणि मला पिटाळायची, "जा, ताईको चखा के ला."

काकू हातातलं काम टाकून यायच्या. गोळा तोंडात टाकून, डोळे मिटून, वरण चाखतात तितक्या गंभीरपणे चाखायच्या. मग दारातूनच म्हणायच्या, "अजून एक मूठ टाका हो भाभी." अम्मी एक मूठ टाकायची. ही एक मूठ दर वर्षी ठरलेली होती. अम्मीनं आधी कितीही साखर घातलेली असो, काकू एक मूठ वाढवायच्याच.

नानकटाई मुळात आमच्याकडे आली सुरतेहून. अम्मीची एक खाला तिकडे दिलेली होती. ती ताप्तीच्या काठाकाठानं येणाऱ्या पॅसेंजरमध्ये नंदुरबार, अमळनेर करत जळगावला यायची. येताना तिच्याकडे एक पत्र्याचा डबा असायचाच. सुरतेत नानकटाईच्या जन्माची एक गोष्ट सांगतात. तिथे डचांची वखार होती, त्यांच्यासाठी पाव भाजणारी बेकरी होती. डच गेले आणि बेकरी तिथे काम करणाऱ्या पारशी माणसाकडे, दोटीवाल्यांकडे आली. पण त्या पावात आंबवायला ताडी असायची. ताडी आणि अंडं म्हटल्यावर गावातली पुष्कळ माणसं त्याला हात लावेनात. मग ताडी गेली, अंडं गेलं, आणि मैदा, तूप, साखर एवढंच उरलेली एक वस्तू तयार झाली. नान म्हणजे फारसीत रोटी. खटाई कुठून आली यावर जाणकारांचे वाद आहेत, ते वाद घालोत. मला त्या गोष्टीतलं एवढंच आवडतं की कुणाला काय चालत नाही याचा विचार करता करता एक गोड पदार्थ जन्माला आला.

अम्मीला ही गोष्ट माहीत नव्हती. पण ती वागायची मात्र तशीच.

तेव्हा कुणाच्याही घरात ओव्हन नव्हता. पीठ घरचं, विस्तव बाजारचा. जुन्या जळगावातल्या एका बेकरीत आम्ही पीठ घेऊन जायचो. विटांची बुटकी, खोल भट्टी, लाकडावर पेटणारी. पहाटे पाव निघायचे, मग टोस्ट. भट्टीचा जोर जरा उतरला की घरगुती नानकटाईचे पत्रे आत जायचे. कडक भट्टीत नानकटाई वरून करपते आणि आतून कच्ची राहते, तिला उतरती आच लागते. कारागीर लांब दांड्याच्या लाकडी फळ्यानं पत्रा आत सरकवायचा आणि घड्याळ न बघता बाहेर काढायचा. भाजणावळ किलोवर असायची.

बायका सकाळपासून परात मांडीवर घेऊन ओळीत बसलेल्या. आपली नानकटाई दुसऱ्याच्या डब्यात जाऊ नये म्हणून प्रत्येकीची खूण वेगळी. कुणी मधोमध चारोळी दाबायचं, कुणी काट्याची नक्षी काढायचं. आमची खूण शिवणाच्या अंगुस्तानाची, गोळ्यावर दाबलं की बारीक ठिपक्यांची टिकली उमटायची. काकूंची खूण अंगठ्याची. दिवाळीच्या आधी त्याच बेकरीसमोर हीच रांग लागायची, फक्त चेहरे बदलायचे. काकूंना तिथे एकटीनं बसायला संकोच वाटायचा म्हणून दिवाळीला अम्मी त्यांच्यासोबत जायची. रमजानमध्ये आमच्या पिठाची चव काकू बघायच्या, दिवाळीत त्यांच्या पत्र्यांवर लक्ष अम्मी ठेवायची. कुणी कुणावर उपकार करतंय असं त्यात काही नव्हतं.

आणि पत्र्यांची एक भानगड होती. त्या भट्टीत अंड्याचे केकही भाजले जायचे. काकूंच्या घरात अंडं शिरत नव्हतं. म्हणून अम्मीनं दोन पत्रे भांडीबाजारातून स्वतःचे विकत घेतले होते. त्यांवर दुसरं काही कधी भाजलं नाही. ईद असो की दिवाळी, भट्टीत सगळ्यांत आधी हे दोन पत्रे जायचे. त्यांतली नानकटाई वेगळ्या डब्यात. अम्मी कारागिराला बजावून सांगायची, "ये ताई का पत्रा है, पहले जाएगा." काकूंनी हे कधी मागितलं नव्हतं. त्यांना ते बरीच वर्षं माहीतही नव्हतं.

दोन्ही घरांत काही गोष्टी अशाही होत्या ज्या उंबऱ्याबाहेर जात नसत. श्रावणात काकूंकडे कानबाई बसायची. कानबाईचा रोट भाऊबंदांपलीकडे कुणाला देत नाहीत. अख्खी गल्ली त्या खमंग वासानं भरून जायची आणि आम्ही मुलं नाक वर करून बसायचो. पण अम्मीला त्यात कधी अपमान वाटला नाही. कारण रज्जबच्या बावीस तारखेला आमच्याकडे कुंडे व्हायचे आणि कुंड्यांची नियाजही तिथंच बसून खायची असते, घराबाहेर न्यायची नसते. "उनका रोट, अपने कुंडे," अम्मी म्हणायची. ज्याची त्याची श्रद्धा. नानकटाईला मात्र कुठलीच आडकाठी नव्हती. ती त्या गल्लीतली सगळ्यांत मोकळी वस्तू होती.

अम्मी लग्न होऊन या गल्लीत आली १९७२ साली. त्याआधी दोन वर्षं, १९७०च्या मे महिन्यात, भिवंडीपाठोपाठ जळगावात दंगल झाली होती. न्यायमूर्ती मादन आयोगानं तिची चौकशी केली. आमच्या घरात आयोगाचं नाव कधी निघालं नाही, पण 'सत्तर के पहले' आणि 'सत्तर के बाद' अशी कालगणना होती. सत्तरनंतरच्या त्या गल्लीत नव्या नवरीच्या दाराशी पहिल्यांदा काकू आल्या, त्या भांड्याला कल्हई कोण चांगली करतं ते सांगायला. ओळखी अशाच होतात.

वीस वर्षं ताट इकडून तिकडे गेलं आणि आलं. मग १९९३ साल आलं. डिसेंबर आणि जानेवारी तर गेलेच होते. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले आणि त्यानंतर दोन आठवड्यांत ईद होती. त्या रमजानमध्ये अम्मीनं मला वाटी घेऊन पाठवलं नाही. मीच विचारलं, तर म्हणाली, "रहने दे, इस साल अंदाजे से." पण पहिले दोन पत्रे तिनं नेहमीसारखेच भाजले. ईदच्या दिवशी दुपारी माझा धाकटा भाऊ झाकलेलं ताट घेऊन शेजारी गेला आणि तसंच झाकलेलं घेऊन परत आला. "घर में कोई नहीं खाता बोले."

अम्मीनं ताटावरचा रुमाल काढला, घडी केली आणि नानकटाई डब्यात परत भरली. ती रडली वगैरे नाही. संध्याकाळी पाहुणे आले तर तिनं तोच डबा पुढे केला. पुढच्या वर्षी तिनं ताट पाठवलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी काकूंनी घर विकलं आणि ते लोक गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले. आमच्या आसपासची आणखीही काही घरं तशीच गेली. जिथे आपली माणसं जास्त, तिथे माणसं सरकत गेली. तिकडची तिकडे, इकडची इकडे.

त्यानंतर अम्मी वीस-बावीस वर्षं नानकटाई करत राहिली. माझं लग्न होऊन मी धुळ्याला आले तरी ईदच्या आधी जळगावहून डबा यायचा. आणि डब्यासोबत फोन. "इस साल जमी नहीं." दर वर्षी हेच. मला वाटायचं, आयांना स्वतःच्या हातचं कधीच जमलेलं नसतं, ही बोलायची रीत असेल.

अम्मी २०१६ मध्ये गेली. मग आम्ही नानकटाई बेकरीतून विकत आणायला लागलो. वही कपाटात गेली.

२०२०चा रमजान पुन्हा मे महिन्यात आला. चांद्र वर्ष दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं, त्यामुळे साधारण तेहतीस वर्षांनी रमजान त्याच ऋतूत परत येतो. १९८७ ते २०२०, बरोब्बर तेहतीस. त्या मे महिन्यात सगळं बंद होतं. देवपुरात आमच्या घरासमोरचा रस्ता दिवसभर रिकामा. मशिदी बंद, तरावीह घरात. मोबाइलवर भाजीवाल्यांचे, फळवाल्यांचे व्हिडिओ फिरत होते, अमक्याकडून घेऊ नका, तमक्याकडून घेऊ नका. आमच्या शाळेच्या जुन्या ग्रुपवरही ते आले. मी काही बोलले नाही. ग्रुपचा आवाज बंद केला आणि फोन उलटा ठेवला.

मुली म्हणाल्या, नानकटाई घरीच करू. धाकटीच्या केकच्या हौसेपायी घेतलेला ओटीजी होता. मी वही काढली.

पहिला घाणा वाया गेला. सगळ्या नानकटाया पसरून एकमेकींना चिकटल्या, पत्र्यावर एक मोठी पोळीच झाली. चूक माझीच. बाहेर त्रेचाळीस अंश, तूप तेलासारखं पातळ. नानकटाईला तूप थिजलेलं लागतं. ते साखरेबरोबर पांढरं होईपर्यंत फेसलं की त्यात हवा धरली जाते, आणि भाजताना तीच हवा तिला फुलवते, वर त्या सुंदर भेगा पाडते. पातळ तुपात हवा राहत नाही. मग आठवलं, अम्मी सहरीनंतर, फजरची नमाज झाली की लगेच तूप फेसायला बसायची. तुपाची थाळी रात्रभर ओल्या वाळूवर, माठाशेजारी ठेवलेली असायची. वहीत यातलं काहीच नाही. सहावीतल्या मुलीनं फक्त वजनं लिहिली होती.

दुसऱ्या घाण्याला मी तूप फ्रिजमध्ये ठेवलं, गोळेही अर्धा तास गार केले, आच एकशे ऐंशीवरून एकशे साठवर आणली. आकार जमला, भेगा पडल्या. पण इफ्तारनंतर सगळ्यांनी खाल्ली आणि कुणी काही बोललं नाही. छान दिसत होती, पण चव पुठ्ठ्यासारखी.

साखर, ताई सांगतील तेवढी.

दोन दिवस विचार केला. मग उलटा ठेवलेला फोन सुलटा केला आणि शाळेच्या त्याच ग्रुपवरून काकूंच्या मुलीचा नंबर काढला. ती माझ्या वर्गात होती. तिनं मी कशाला नंबर मागतेय हे न विचारता आईचा नंबर दिला. वर लिहिलं, दुपारी चारनंतर कर, तेव्हा ती जागी असते.

काकू आता पंचाऐंशीच्या घरात, मुलाकडे पुण्याला. आवाज बारीक झालेला, पण मी नाव सांगताच म्हणाल्या, "रोजा आहे ना? मग बोलू नकोस फार, घसा सुकेल. मीच बोलते." आणि खरंच बोलत राहिल्या. अम्मी गेल्याचं त्यांना तेव्हाच कळलं होतं. "येऊ शकले नाही," म्हणाल्या. मी काही विचारलं नाही.

शेवटी मी साखरेचं विचारलं. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "अगं, माप कसलं? तुझी आई रेशनची साखर जपून वापरायची. ईदला शीरखुर्मा करायचा, पाहुणे यायचे, तिला सगळीकडे पुरवायची असायची. नानकटाईत ती हात आखडायची. मला ठाऊक होतं. म्हणून मी न चुकता एक मूठ वाढवून सांगायचे. मी सांगितलं की ती घालायची, स्वतःहून घातली नसती."

मी वही पुढ्यात धरून बसले होते. तेहतीस वर्षं ज्याला मी चव समजत होते तो एका बाईला दुसऱ्या बाईच्या घरातला साखरेचा डबा किती भरलेला आहे याचा असलेला अंदाज होता. आणि काकू गेल्यानंतर अम्मीची नानकटाई 'जमली नाही' ती खरोखरच जमत नसणार. हात आखडता घेऊ नको, असं तिला सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

फोन ठेवायच्या आधी काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाल्या, "ते ताट मी परत पाठवलं नव्हतं ग. पण मी आतच होते. मी उठले नाही."

मला काही सुचलं नाही. 'जाऊ द्या काकू' असं म्हणता आलं असतं. पण ते ताट अम्मीचं होतं, ते जाऊ देणारी मी कोण? मी एवढंच सांगितलं की त्या ताटातली नानकटाई पहिल्या पत्र्यावरची होती. मग पहिल्या पत्र्याची गोष्ट सांगितली, वेगळ्या पत्र्यांची, अंड्याची. ती त्यांना ठाऊक नसावी असं मला वाटत होतं. त्या म्हणाल्या, "माहीत आहे. एकदा दिवाळीत कारागिरानं सांगितलं होतं मला." आणि पुढे, "तेच तर."

तिसऱ्या घाण्याच्या वेळी प्रमाण ठरवलं. दोन किलो पिठाला एक किलो पिठीसाखर आणि वर एक मूठ. मी चौथ्या हिश्श्याचं केलं. मोठीला त्या दिवसांत रोजा नव्हता, म्हणून चव तिनं बघितली. बायकांच्या घरात रमजानमध्ये चव बघायला कुणी ना कुणी असतंच, हे अम्मीनं कधी लक्षात घेतलं नाही, की मुद्दामच घेतलं नाही, कोण जाणे. मोठी म्हणाली, "थोडी गोड आहे." मी म्हटलं, असू दे.

रस्ते उघडल्यावर कुरिअरनं पुण्याला एक डबा पाठवला. चार दिवसांनी काकूंचा फोन आला. म्हणाल्या, पोचताना निम्म्या मोडल्या, पण चुराही खाल्ला चहात घालून. डॉक्टरांनी साखर बंद केलीय, सुनेला सांगू नकोस. ताटाबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही.

आता दर रमजानला करते. ओटीजीत घरीच होते. कुठे पीठ घेऊन जायला नको, रांगेत बसायला नको, खूण करायला नको. मुंबईत तर २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना हवेच्या प्रदूषणापायी इंधन बदलायला सांगितलं गेलं. ते योग्यच असेल, त्या धुरात आयुष्य काढलेल्या कारागिरांची छाती काय सांगते ते मी ऐकलंय. पण कधी कधी बारा नानकटायांचा तो छोटा ट्रे आत सरकवताना वाटतं, घरी भाजायला लागल्यापासून नानकटाईची वाट बघत कुणाशेजारी बसायची वेळच येत नाही.

अंगुस्तानाची खूण मी अजून करते, चुकून कुणाच्या डब्यात जायची भीती नसताना. आणि धाकटीच्या केकचे ट्रे वेगळे, नानकटाईचे वेगळे. आमच्या इमारतीत कुणी विचारत नाही, पण कुणी विचारलंच तर खरं उत्तर देता यावं.

वहीत त्या ओळीपुढे मी नवं माप लिहिलंय, तारखेसकट. जुनी ओळ मात्र खोडली नाही.